जे नसेल तर आणताही येत नाही

एखाद्या लिनक्स डिस्ट्रोची (म्हणजे लिनक्स सिस्टीम आणि सोबतची ॲप यांच्या तयार संचाची) नवी आवृत्ती आली, किंवा विंडोजने एखादे जुने ॲप काढून टाकले, की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘आधीपासून बसवलेल्या ॲपचा हा सगळा पसारा आमच्या माथी का मारता? कोरी सिस्टीम द्या, काय हवे ते आम्ही टाकून घेऊ.’ दुसरी बाजू म्हणते, ‘सगळे आधीपासून असू द्या, नवख्या माणसाने कुठे शोधत बसायचे?’ मग आकडे निघतात. अमुक ॲप किती टक्के लोक वापरतात, तमुक किती एमबी जागा खाते. दोन-चार दिवस धुरळा उडतो आणि ज्याच्या हातात सोबत येणाऱ्या ॲपची यादी असते तो शेवटी स्वतःच्या मनाचेच करतो. या भांडणात कोणाची बाजू घ्यावी, असा पेच मला कधी पडला नाही, कारण दोन्ही बाजू एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत असतात आणि तो प्रश्नच मुळात फसवा आहे. ‘हे ॲप किती जणांना लागते?’

माझ्या मते विचारायला हवे ते वेगळे. ज्याला ही वस्तू लागते आणि मशीन सुरू केल्यावर ती तिथे सापडत नाही, त्याचे पुढे काय होते? तो ती स्वतःच्या बळावर, फसवणूक न होता, आणू शकतो का? आणू शकत असेल, तर ती कोट्यवधी लोक वापरत असले तरी यादीबाहेर राहिल्याने फारसे बिघडत नाही. आणू शकत नसेल, तर हजारात एकालाच लागत असली तरी तिचा मान पहिला. सोबत येणाऱ्या ॲपची यादी ही लोकप्रियतेची स्पर्धा नव्हे आणि उत्तम सॉफ्टवेअरला द्यायचे पारितोषिकही नव्हे. प्रवासाला निघणाऱ्याच्या गाठीला काय बांधून द्यायचे, एवढाच तिचा विषय. वाटेत जे सहज मिळते ते बांधून द्यायची गरज नसते.

स्क्रीन रीडर घ्या. पडद्यावरचा मजकूर अंध माणसाला वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. वापरकर्त्यांची डोकी मोजली तर कुठल्याही आकडेवारीत तो तळाला जाईल. आता ‘ज्यांना हवा ते टाकून घेतील’ हे लाडके वाक्य इथे म्हणून पाहा. टाकून घ्यायचे म्हणजे ब्राउझर उघडायचा, शोधायचे, खऱ्या डाउनलोडचे बटण ओळखायचे, परवानगीच्या चौकटीला ‘हो’ म्हणायचे. यातली प्रत्येक पायरी पडद्यावर आहे, आणि पडदा दिसत नाही म्हणूनच तर हा प्रोग्रॅम हवा आहे. किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखेच हे. कित्येक वर्षे व्यवहार असाच चालला: महागडा स्क्रीन रीडर वेगळा विकत घ्यायचा आणि कोणा डोळस माणसाच्या हातापाया पडून तो टाकून घ्यायचा. एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस एक्स १०.४ सोबत ॲपलने व्हॉइसओव्हर दिला आणि कोरे मशीन पहिल्यांदा सुरू करतानाच बोलू लागले. पुढच्या वर्षी लिनक्सवरच्या जीनोम या डेस्कटॉपने २.१६ आवृत्तीत ऑर्का हा स्क्रीन रीडर आपल्यात सामावून घेतला. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचा इन्स्टॉलर सुरुवातीच्या मेनूवर पोचला की एक ‘बीप’ करतो. तो ऐकून ‘एस’ आणि एंटर दाबले की पुढचे सगळे इन्स्टॉलेशन बोलून पार पडते. डोळसांना तो आवाज कशाचा हे ठाऊकही नसते, आणि नसले तरी चालते. वापराचे प्रमाण बघून निर्णय झाला असता तर तो बीप पहिल्याच बैठकीत उडाला असता.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. विंडोज २००० सोबत नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आला, आणि तो इतका साधा होता की उघडल्यावर स्वतःच सांगायचा, रोजच्या कामासाठी बहुतेकांना याहून सक्षम साधन लागेल. त्यावर लोक हसले. मला मात्र ते प्रामाणिकपणाचे उदाहरण वाटते. सोबत येणारे साधन सर्वोत्तम असायला हवे असे कुठे आहे? सर्वोत्तम साधनापर्यंत पोचवण्याइतके बळ त्याच्यात असले की पुरे. ‘इंटरनेट एक्सप्लोररचा उपयोग एकच, दुसरा ब्राउझर डाउनलोड करणे’ हा विनोद आपण वर्षानुवर्षे केला. विनोद म्हणून ठीक, पण त्या ब्राउझरच्या बाजूने याहून नेमका युक्तिवाद कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी हा धडा स्वतः गिरवला आहे आणि तरीही या वादात आपण तो विसरतो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड, त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये देवनागरी नीट जुळवून दाखवणारी यंत्रणा आणि र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल फाँट आला. म्हणजे तंत्र तयार होते, फाँट तयार होता. पण २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये ही यंत्रणा चालू नसे. भाषांच्या सेटिंगमध्ये खोल शिरून ‘जटिल लिप्यां’च्या खुणेची चौकट शोधायची, तिच्यावर टिचकी मारायची, मग मशीन मूळ सीडी मागे. ती सीडी हाताशी नसली की संपले. युनिकोड मराठी मजकूर समोर आला तर त्याच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. ते पाहणाऱ्याला आपल्या मशीनमध्ये काही कमी आहे असे वाटत नसे. त्याला वाटे, संगणकावर मराठी नीट दिसत नाही.

याचे परिणाम किती लांबवर गेले बघा. वाचकाच्या मशीनवर युनिकोड दिसेलच अशी खात्री नाही, म्हणून अनेक मराठी संकेतस्थळांनी आपापले फाँट आणि आपापली संकेतने वापरली. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा भुगा होई. तो मजकूर शोधयंत्राला सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग होती. २००७ च्या आरंभी विंडोज व्हिस्टा आली आणि ही यंत्रणा न मागता मिळू लागली. मधल्या काळात जगातल्या एक्सपी वापरणाऱ्यांपैकी किती जणांना देवनागरी ‘लागत’ होती, याची टक्केवारी काढली असती तर ती लहानच आली असती, आणि यादी करणाऱ्याने हिशेबाने बरोबरच निर्णय घेतला असे कोणीही म्हटले असते. चूक हिशेबात नव्हतीच. ज्याला लागते त्याने आणायची कशी, हे त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हते.

तीच कथा अक्षरांची. ज्या शब्दावर हा सगळा लेख उभा आहे, त्या ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा ‘ऱ’ टंकताना अजूनही कित्येकांची बोटे अडतात, कारण सोबत आलेल्या कळफलकावर तो कुठे दडला आहे ते सापडत नाही, मग माणूस ‘दुसर्या’ असे चुकीचे लिहून मोकळा होतो. टंकलेखन यंत्राच्या काळातही हेच झाले होते. कळा मोजक्या, अक्षरे अफाट. ज्या जोडाक्षराला कळ मिळाली नाही ते कागदावर अवघडून, तुकड्यातुकड्यांनी उमटू लागले, आणि एक पिढी त्या तुकड्यांनाच वळण समजली. साधनासोबत काय मिळते यावर लिहिण्याची सवय घडते, मग त्या सवयीचाच दाखला देऊन पुढची यादी ठरते.

यावरून मोजणीवाल्यांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. ते म्हणतात, ‘तुमचा निकष ठीक आहे, पण तो माणसाच्या मतावर चालतो. आकडे निदान पक्षपात करत नाहीत.’ यात तथ्य आहे. मतावर सोपवले की ज्याचा आवाज मोठा त्याचे ॲप आत येते, हे मीही पाहिले आहे. पण आकडे इथे नेमके काय मोजतात? एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये अवयवदानाच्या संमतीची आकडेवारी मांडली. जर्मनीत संमती सुमारे १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. दोन्ही समाजांच्या परोपकारबुद्धीत एवढे अंतर असेल का? जर्मनीत ‘हो’ म्हणायला अर्ज भरावा लागे, ऑस्ट्रियात ‘नाही’ म्हणायला. माणसे जिथे होती तिथेच राहिली. सोबत आलेल्या ॲपच्या वापराचे आकडे याच जातीचे असतात. आधी एखादी गोष्ट समोर ठेवायची, लोक ती वापरतात हे मोजायचे, आणि ‘बघा, लोकांना हवी आहे’ म्हणून तिथेच ठेवायची. इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा एके काळी ९० टक्क्यांच्या वर होता, आणि त्याच सुमारास, ऑगस्ट २००१ ची सहावी आवृत्ती ते ऑक्टोबर २००६ ची सातवी, अशी पाच वर्षे त्याची एकही नवी आवृत्ती आली नाही. त्या ९० टक्क्यांत पसंती किती आणि आळस किती, हे आकड्याने कधी सांगितले नाही.

शिवाय काही गरजा अशा असतात की ज्याला त्या आहेत त्यालाच त्यांचा पत्ता नसतो. १९५६ मध्ये फोर्डने गाड्यांमध्ये सीट बेल्ट दिले, पण वेगळे पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणून. फार थोड्यांनी घेतले. १९५९ मध्ये व्होल्वोने नील्स बोलिनचा तीन टोकांचा पट्टा गाडीतच बसवून द्यायला सुरुवात केली. फोर्डच्या मागणीचे आकडे प्रमाण मानले असते तर पट्टा कायमचा चैनीच्या यादीत राहिला असता. संगणकात याचा जुळा भाऊ सापडतो. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी यंत्रणा, पहिल्या दिवसापासून होती, पण बंद. ज्याला हवी त्याने चालू करावी. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) सुटला आणि नेटला नुसती जोडलेली मशीन्स, कोणी काही उघडले नसताना, आपोआप बंद-चालू होऊ लागली. सुधारणेचा पॅच महिनाभर आधीच निघाला होता. फायरवॉल मशीनमध्येच होती. दोन्ही ‘उपलब्ध’ होते! बरोबर वर्षभराने, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, फायरवॉल आपणहून चालू होऊन आली. ‘एका क्लिकवर आहे की’ म्हणणाऱ्यांनी त्या ऑगस्टची आठवण ठेवावी. ती क्लिक नेमकी जाणकाराला जमते, आणि गरज असते अजाणत्याला.

तरी कोऱ्या सिस्टीमवाल्यांच्या एका मुद्द्यापुढे मी मान तुकवतो. सोबत दिलेले प्रत्येक ॲप हे एक वचन असते. ते पुढची कित्येक वर्षे दुरुस्त करत राहायचे, त्यातली भोके बुजवायची, आणि जो माणूस ते कधी उघडणारही नाही त्याच्या मशीनवरही त्याची राखण करायची. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलने नव्या मॅकसोबत फ्लॅश (वेबवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारा प्रोग्रॅम) देणे थांबवले. कारखान्यात घातलेली फ्लॅशची प्रत गिऱ्हाईकाच्या हाती पडेपर्यंत शिळी होत असे, आणि शिळे फ्लॅश म्हणजे चोराला उघडे दार. त्याहून वाईट प्रकार सुपरफिशचा. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर जाहिराती घुसवणारे हे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले असे. त्याने सुरक्षित जोडणीच्या मधोमध आपले प्रमाणपत्र घुसवले, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच निघाली. ती एकाच्या हाती लागली की बाकी सगळ्यांची दारे उघडी. तेव्हा ‘असू द्या, जागाच तर जाते’ हे उत्तर चालणार नाही. जागा सगळ्यांत स्वस्त आहे. महाग आहे ती राखण.

पण हा मुद्दा नीट ताणला तर माझ्याच निकषाकडे येतो. राखणीची ताकद मर्यादित आहे, तर ती खर्च कुठे करायची? जिथे न दिल्याने माणूस अडून राहतो तिथे. उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोचा आरंभीचा काळ आठवा. २००४ पासून कितीतरी वर्षे सगळी सिस्टीम एका सीडीत, साधारण ७०० एमबीत, बसवायची आणि एका कामाला एकच ॲप द्यायचे, अशी शिस्त होती. एखादी गोष्ट आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागे. त्यामुळे वाद कडाक्याचे होत, पण खरे होत. एप्रिल २०१० च्या १०.०४ आवृत्तीतून गिम्प काढले तेव्हा केवढा आरडाओरडा झाला! लिनक्सवरचे चित्रसंपादनाचे मानाचे साधन, आणि तेच बाहेर? माझ्या निकषाने तो निर्णय चोख होता. ज्याला थर, मुखवटे, वक्ररेषा असले काही लागते तो माणूस गिम्पचे नाव जाणतो आणि दोन मिनिटांत आणतो. त्याचे काहीही अडत नाही. फोटो फिरवायचा, कापायचा एवढ्यापुरते साधे साधन सोबत होतेच. १२.१० मध्ये सीडीची मर्यादा ओलांडली आणि माझ्या मते एक चांगला संपादक निवृत्त झाला. आज गंमत अशी की उबुंटू २४.०४ ची इन्स्टॉलेशनची फाइल ५ जीबीहून मोठी आहे, आणि तिच्यातून साध्या निवडीने मशीनवर उतरणारी ॲप मोजकीच. पोते मोठे झाले, शिधा आटला. निकष नसला की असे होते. कधी जागा आहे म्हणून भरतात, कधी साधेपणाची लाट आली म्हणून रिकामे करतात.

निकष उघडपणे लिहून ठेवणारेही आहेत. डेबियनच्या धोरणात ‘महत्त्वाचे’ पॅकेज कोणते याची कसोटी दिली आहे, तिचा भाव असा: मुरलेल्या युनिक्सवाल्याला एखादी गोष्ट जागेवर दिसली नाही आणि तो ‘हे काय चाललेय, अमुक कुठे गेले?’ असे ओरडला, तर ते पॅकेज महत्त्वाचे. पुढे लगेच खुलासाही आहे की यात ईमॅक्स हा मजकूर-संपादक किंवा टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली येत नाही, म्हणजे मुरलेल्यांच्या आवडीनिवडींना तिथेच लगाम. ही कसोटी मला फार आवडते, कारण ती ‘असण्या’ची मोजणी करत नाही, ‘नसण्या’चा धक्का मोजते. तिची उणीव एवढीच की धक्का मुरलेल्याला बसायला हवा. नवख्याला काय नाही हेच ठाऊक नसते, तो ओरडणार कशावर? याच डेबियनने हा धडा वेगळ्या वाटेने शिकला. तत्त्वाला धरून ते कित्येक वर्षे बंदिस्त फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारे, पण ज्याचा कोड खुला नाही असे सॉफ्टवेअर) आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नसत. तत्त्व स्वच्छ, पण अनेक लॅपटॉपचे वायफाय त्या फर्मवेअरशिवाय चालत नाही, आणि ते फर्मवेअर आणायला वायफाय लागते. स्वातंत्र्याच्या नावाने माणूस उंबरठ्यावरच अडकलेला. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान केले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. तत्त्व सोडले म्हणून काहीजण रागावले. माझ्या दृष्टीने तत्त्वापर्यंत पोचायचा जिना बांधला गेला.

राहिला सत्तेचा प्रश्न, आणि तो मोठा आहे. सोबत येणारी जागा ही पैसा आहे. आपले शोधयंत्र ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपोआप निवडलेले असावे म्हणून गुगलने ॲपलला एकट्या २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला बेकायदा मक्तेदार ठरवले. एवढे मोल असलेली जागा कंपनीच्या भल्या बुद्धीवर कशी सोडायची? म्हणून काहींना वाटते की यादी रिकामीच असावी, कायद्यानेच. हा प्रयोग होऊन गेला आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज द्यायला लावली. एक्सपी एन नावाने ती आलीही, त्याच किमतीत. त्याच पैशात कमी वस्तू कोण घेणार? कोणी विचारले नाही. मग २०१० पासून युरोपात ब्राउझर निवडायचा पडदा आला. त्यातला ब्राउझरांचा क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलणार होता, पण कोड असा लिहिला होता की चिठ्ठ्या सारख्या पडतच नव्हत्या. लोकांनी दाखवून दिल्यावर तो दुरुस्त झाला. पुढे विंडोज ७ च्या एका अद्ययावत आवृत्तीतून तो पडदाच वर्षाहून अधिक काळ गळाला, त्यापायी २०१३ मध्ये आणखी ५६.१ कोटी युरोंचा दंड.

या सगळ्यातून मला दिसते ते असे: रिकामी जागा निःपक्षपाती नसते. ती कोणीतरी भरतोच, बहुधा मशीन विकणारा, आणि सुपरफिश हे त्याचेच फळ. सत्तेवर वचक हवा, पण तो ‘काय द्यायचे’ यावर नको, ‘दिलेले काढता येते का’ यावर हवा. अमेरिकी सरकारने भरलेल्या १९९८ च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते की इंटरनेट एक्सप्लोरर काढला तर विंडोज बिघडेल. प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो हटवणारा प्रोग्रॅम लिहून न्यायालयात आणला. त्याला खोटे पाडायला कंपनीने व्हिडिओ दाखवला, आणि उलटतपासणीत त्या व्हिडिओतच गडबड निघाली. खरा मुद्दा तिथे होता. ब्राउझर सोबत देण्याला माझी हरकत नाही, मी तर आग्रहच धरला. हरकत आहे ती त्याला भिंतीत चिणण्याला. आयफोनवरची सोबत आलेली ॲप काढायची मुभा २०१६ मध्ये मिळाली, ब्राउझर बदलायची २०२० मध्ये. युरोपच्या नव्या डिजिटल बाजार कायद्याने मोठ्या कंपन्यांना तर हे बंधनकारकच केले आहे. गाठोडे बांधून द्या, पण गाठ सुटेल अशी बांधा.

माझ्या निकषाची एक कच्ची बाजू मात्र झाकत नाही. ‘स्वतःच्या बळावर, फसवणूक न होता’ हे ठरवायचे कसे? आयपॅडचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये आलेल्या आयपॅडला स्वतःचा कॅल्क्युलेटर मिळाला तो २०२४ मध्ये, आयपॅडओएस १८ सोबत. चौदा वर्षे! निकषाने बघितले तर त्यात गैर काही नाही, कारण ॲप स्टोअर हाताशी होते आणि कॅल्क्युलेटरांचा तिथे पूर होता. पण त्या पुरात उतरणाऱ्याला काय मिळे? बेरजेच्या आधी जाहिरात, वजाबाकीच्या नंतर वर्गणीची विनवणी. झिप फाइल उघडायची, पीडीएफ जोडायची, व्हिडिओ चालवायचा, असल्या किरकोळ कामांसाठी शोधत निघालेला माणूसच सर्वांत जास्त लुबाडला जातो, कारण काम क्षुल्लक म्हणून तो सावध नसतो. अशा वस्तू ‘सहज मिळणाऱ्या’ धरायच्या की नाही? मी धरत नाही. जिथे बाजार गढूळ आहे तिथे साधे, छोटे, बिनजाहिरातीचे साधन सोबत द्यावे. यावर कोणी म्हणेल की मग यादी फुगत जाईल. फुगेल थोडी. पण आत आलेली गोष्ट बाहेरही जाऊ शकते, हे आपण विसरतो.

सॉलिटेअरचेच बघा. १९९० च्या विंडोज ३.० सोबत तो पत्त्यांचा डाव आला तेव्हा माऊस पकडून वस्तू ओढत नेणे लोकांना नवे होते, आणि पत्ते ओढता ओढता हात बसला. माऊस शिकवणारा प्रोग्रॅम कोणी मुद्दाम शोधून आणला असता? म्हणजे तो खेळही माझ्या निकषात बसतो, तेव्हापुरता. २०१२ च्या विंडोज ८ मधून तो गेला तेव्हा त्याचे काम संपलेले होते. पुढे विंडोज १० सोबत तो परतला, जाहिरातींसकट, आणि जाहिराती नको असतील तर पैसे भरा. त्या पुनरागमनाला कुठलाच निकष लागू होत नाही, विक्रीचा सोडून.

सध्या ज्यावर जीभ झिजते आहे ते लिहिण्याचे ॲप. उबुंटूने २३.१० पासून लिब्रेऑफिस हा लेखन-हिशेबाचा मोफत संच साध्या निवडीतून वगळला. विंडोज ९५ पासून असलेले वर्डपॅड विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीतून गेले. लिब्रेऑफिसबद्दल माझी तक्रार नाही, प्रबंध लिहिणारा ते आणेल, आणि उबुंटूत आणण्याची वाट स्वच्छ आहे. वर्डपॅडचे तसे नाही. त्यात कोणी काही मोठे लिहीत नव्हते हे खरे, आणि काढणाऱ्यांकडे तसे आकडे असतीलही. पण कोणी पाठवलेला अर्ज, नेमणुकीचे पत्र, भाडेकरार वर्डच्या फाइलमध्ये आला आणि मशीनवर ऑफिस नाही, नेट नाही, अशा वेळी तो उघडून वाचण्यापुरते ते उपयोगी पडत होते. आता तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली की आगापिछा नसलेली चिन्हे दिसतात, आणि समोरच्याला वाटते, फाइलच खराब आली.